तिसरा पाय

भाऊच्या धक्क्यावर पहाटे पावणेचारला
मी स्टँडचे पाय उघडले
तेव्हा बर्फाच्या गाडीआडून गोताड उठून आला.
"ताई, स्टँड नाही लावायचा."
हातातल्या कॅमेऱ्याबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं.
हातात धरला की हौस,
जमिनीला टेकवला की शूटिंग,
आणि शूटिंगला पोर्टाचं पत्र लागतं.
या शहरात सगळ्याचंच असं आहे:
टोपली डोक्यावर असेल तोवर चालतं,
खाली ठेवली की पावती फाडतात.

स्टँड त्रिलोकेकर सरांचा.
सागवानी, पितळी चाप,
एका पायाला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
यावर त्यांनी चाळीस वर्षं कंपन्यांचे अहवाल काढले.
बॉयलर, कापडाचे तागे, संचालक मंडळ.
तिघांना एकच एक्स्पोजर, म्हणायचे,
तिघंही हलत नाहीत.
मला पहिले सहा महिने कॅमेरा हातात घेऊ दिला नाही.
"आधी उभं राहायला शीक.
स्टँड म्हणजे आळस नव्हे गं,
समोरच्याला दिलेला शब्द असतो
की मी निघून जाणार नाही."

मी मात्र लग्नांवर पोट भरलं.
हळदीत, वरातीत,
कोपरं बरगड्यांत रुतवून, अर्धा श्वास सोडून,
सेकंदाच्या पंधराव्या हिश्शाला,
खांब मिळाला तर खांबाला,
नाहीतर नवरीच्या मामाला टेकून.
शंभरातले सत्तर हलायचे.
उरलेल्या तिसांत घामाचा वाससुद्धा यायचा.

"तीस सेकंद," मी गोताडला म्हटलं. "फक्त तीस."
त्यानं घड्याळाकडे असं पाहिलं
जसे ते त्याच्या पगारातून कापले जाणार होते.
मग माझ्याकडे पाठ फिरवली.
"मी बघत नाही."

तीस सेकंद शटर उघडं.
ट्रॉलर डुलत होते,
टोपल्या डोक्यांवरून पळत होत्या,
बर्फ फोडणारी पोरं, शिव्या, लिलावाची वर गेलेली बोटं,
एक मांजर.
पडद्यावर आलं ते हे:
कोरून काढलेला धक्का,
दोर अडकवायचे लोखंडी खुंट,
पाण्याच्या जागी धूर.
माणूस एकही नाही.
नाही, एक आहे. पाठमोरा गोताड,
दोन पाय आणि तिसरी काठी,
खांद्यावरच्या शिवणीपर्यंत धारदार.
बारा वर्षांची सवय, म्हणाला.
मग वाकून जवळून बघत,
"बाकीचे कुठे गेले?"

"हलले ते."

"हलले म्हणजे?
कामच करत होते की."

मी स्टँड मिटला.
त्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकवलं
आणि हातानंच दहा-बारा काढले.
एकात एक मनगट आहे, बांगड्या आहेत, सुरमई आहे,
बाई वाहून गेलेली.
एकात नुसतं हसू,
दात ओळखू येतात, माणूस येत नाही.
बाकी सगळे काळे, किंवा पिवळा ओरखडा.
गोताडला पसंत पडले नाहीत.
"यात मी कुठाय?"

रविवारी ठाकूरद्वारला स्टँड परत द्यायला गेले.
सरांचा चहा कपापेक्षा बशीत जास्त होता.
उजवा हात आता अंगठ्यापासून थरथरतो,
डावा त्याला धरून ठेवतो, मग तोही थरथरतो.
मला वाटलं होतं,
तिसऱ्या पायाची गरज आता मला नाही, त्यांना आहे.
त्यांनी दोन प्रिंट हातात घेतल्या.
सुरमईची बाई बराच वेळ बघितली, बोलले काही नाहीत.
मग दुसरी.
कागद हातात हलत होता,
म्हणजे गोताडसुद्धा थोडा हलला.
बारा वर्षांत पहिल्यांदा, बहुतेक.
ते हसले.
"ठेव तो तुझ्याकडेच," म्हणाले,
आणि बशी माझ्याकडे सरकवली.

जिना उतरले, स्टँड खांद्यावर.
कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं विचारलं, शूटिंग कुठे आहे?
चौकात हवालदार उभा होता.
त्यानं बघितलं, काही बोलला नाही.
खांद्यावर होता ना,
अजून कुठे टेकवला नव्हता.